काळ्या हार्डडिस्कमधली धाकटी

आमच्या काळातल्या लग्नाच्या सीडीत नवरीला आवाज नसायचा. नवरी दिसायची, लाजायची, रडायची, तिचे ओठ हलायचे, पण ऐकू यायचं ते सिनेमातलं गाणं. शूटिंगमधला खरा आवाज म्हणजे कचरा, असं आमच्या धंद्यात सगळेच धरून चालायचे. मांडवातला गोंगाट, म्हाताऱ्यांचं खोकणं, आचाऱ्याच्या शिव्या, सगळं पुसायचं आणि वर गाणी टाकायची. याला मिक्सिंग म्हणत. बीडला आमच्या स्टुडिओत हे काम मी कित्येक वर्षं केलं, आणि किती नवऱ्या मुक्या केल्या ते देव जाणे.

स्टुडिओ माझ्या सासरचा. पुढच्या खोलीत आमचे हे पासपोर्ट फोटो काढायचे, देवांच्या तसबिरींना फ्रेमा करून द्यायचे. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, लग्नांच्या शूटिंगला जायचे. मागच्या खोलीत पूर्वी फोटो धुवायचे, तिथं आता कंप्युटर आणि मी. सून दुकानात बसती म्हणून गल्लीत आधी बरीच कुजबुज झाली. पण नवरीचं कुठलं चित्र ठेवावं आणि कुठलं काढावं हे बाईला बरोबर कळतं, असं गिऱ्हाइकंच म्हणायला लागली. मग सासऱ्यांनी आपणहून माझ्या डोक्यावर पंखा बसवला.

कंप्युटर एकच. त्याच्या पोटात एवढी लग्नं मावेनात, म्हणून बाहेरून जोडायच्या हार्डडिस्क आणल्या. एकेक करत चार झाल्या. चंदेरी सगळ्यात थोरली, मग काळी, मग निळी, आणि शेवटी आणलेली पांढरी. चौघींच्या चार वायरी, चार अडॅप्टर, आणि सगळ्यांना मिळून एक हब, म्हणजे बरीच भोकं असलेली एक पट्टी. टेबलाखाली हात घालायची सोय नव्हती, इतका गुंता. चारही एकदम लावल्या की एखादी रुसायचीच, कंप्युटरवर दिसायचीच नाही. मग ही काढ, ती लाव, परत सगळं बंद करून सुरू कर. त्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. इन्व्हर्टर बोंबलायला लागला की मी आधी डिस्का सांभाळायचे, मग बाकीचं.

या डिस्कांचं एक होतं. ज्या क्रमानं लावाल तशी त्यांना अक्षरं मिळायची. आधी लावली ती एफ, मग जी, मग एच, मग आय. आमची रोजची पद्धत ठरलेली होती, पांढरी आधी, मग निळी, मग काळी, मग चंदेरी. त्यामुळे निळी कायम जी. शूटिंग आणलं की ते निळीत उतरवायचं, काम झालं की ती पुसून मोकळी करायची. भाऊजी डिस्कांकडं बघायचेच नाहीत, अक्षरावरच बोलायचे. "वैनी, जी साफ करून ठिवा, उद्या मोठं लगीन हाय." मी मात्र चौघींवर पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनानं कशात काय आहे ते लिहिलं होतं, आणि हबच्या भोकांशेजारी नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. भाऊजी त्यावरनं मला चिडवायचे, "वैनीनी डिस्काला बी नटवलंय."

काळीत सगळं जुनं सामान. श्रावणात काम कमी असतं, तेव्हा एका दुपारी मी ती धुंडाळत बसले होते, आणि त्यात मला माझी धाकटी सापडली.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. तिचं लग्न माझ्या माहेरी नेकनूरला झालं, शूटिंग भाऊजींनीच केलं होतं. तेव्हा मी कंप्युटरला हात लावत नव्हते. सीडी त्यांनीच केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी घालून. मूळ कॅसेटवर लगेच दुसऱ्या कुणाचं तरी लग्न घेतलं, तशीच रीत होती. पण ती कॅसेट एकदा कंप्युटरमध्ये उतरवलेली, ती तशीच काळीत पडून राहिली होती, कच्ची, गाण्यांशिवाय. मी ती लावली. हळदीला बसलेली धाकटी कोपरानं तोंड झाकत होती आणि ओरडत होती, "ओ भाऊजी! कावून तोंडावर लाइट मारायलाव? डोळे फुटतेल ना माजे! तिकडं ताईला मारा, ती लई नटून आलीय." आणि मग ती हसली. हसता हसता तिला ठसका लागायचा, तसा लागला. कुणीतरी पाणी आणा म्हणून ओरडलं. मी खुर्चीतच हमसून हमसून रडले. आमचे हे पुढून धावत आले, त्यांना वाटलं मला शॉक बसला.

तिला जाऊन तेव्हा चार वर्षं लोटली होती. उमापूरला सासरी तिला कावीळ झाली. त्यांनी दंडाला मुळ्या बांधल्या, कुणाकुणाकडून उतारा आणला, आणि बीडला आणली तेव्हा तिची वाचा बसलेली. माझ्याशी ती एक शब्दसुद्धा बोलली नाही. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. वर्ष सरायच्या आत त्यांनी मुलाचं दुसरं लग्न केलं. करेनात बापडे, लेकराला आई पाहिजे हे मलाही कळतं. पण नव्या सुनेला वाईट वाटू नये म्हणून धाकटीचा अल्बम, सीडी, साड्या, सगळं कुठं गडप केलं ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलं की, "सापडंना झालंय." आमच्याकडं भिंतीवर हार घातलेला तिचा एक फोटो तेवढा होता. तोही कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, घाबऱ्या डोळ्यांचा.

ते शूटिंग सापडायच्या आधीच्या उन्हाळ्यात धाकटीची पोरगी माझ्याकडं राहायला आली होती. अजून शाळेत जात नव्हती. जेवताना एकदम म्हणाली, "मावशी, माजी आई मुकी होती का गं?"

मी घास ताटात ठेवला. म्हटलं, "असं कोण म्हणलं तुला?"

"कुणी न्हाई. पण ती काय म्हणायची ते कुणीच सांगत न्हाई."

मी तिला धाकटीच्या दहा गोष्टी सांगितल्या, नकला करून दाखवल्या. पोरगी हसली, पण माझ्या तोंडून तिला आई काही ऐकू आली नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

म्हणून श्रावणात ते शूटिंग सापडल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर तिच्या बापाच्या मोबाइलवर फोन. पोरगीला म्हटलं, "दिवाळीला ये. तुझी आई बोलताना दाखवते तुला. हसताना बी." पलीकडं ती इतक्या जोरात किंचाळली की फोन खाली पडला.

मला त्याची सीडी काढून ठेवायची होती, पण सीडी काढायचा रायटर मेलेला. दुसऱ्या डिस्कमध्ये उतरवावं तर चंदेरी आणि पांढरी गळ्यापर्यंत भरलेल्या, आणि निळी तर सारखी पुसायची. भाऊजींना म्हटलं. ते म्हणाले, "वैनी, दसऱ्याला नवा रायटर आणू, मग एक काय, चार काढा. काळीत हाय ना? मग कुठं पळून चाललीय?" खरंच होतं. घरातली डिस्क, घरातलं टेबल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं अवजारांची पूजा. सासरे, त्यांना मी मामा म्हणायचे, पक्के शिवभक्त. पहाटे लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत, कपिलधारला पायी जाऊन यायचे. नवमीला कॅमेरे, लाइट, फोटो कापायची कात्री, सगळं घासून पुसून पाटावर मांडायचे, भस्माची तीन बोटं ओढायचे आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या वर्षी म्हणाले, "समदं घर ह्या डब्यांवर चालतंय, आन् पूजेला ह्येच न्हाईत? कावून?" मी आत पुरणाला बसलेली. मामांनी स्वतः वायरी काढल्या. पूजेच्या अवजाराला चिकटपट्टी कशी चालेल, म्हणून माझ्या सगळ्या पट्ट्या नखानं खरवडून, घासलेट लावून स्वच्छ केल्या. हबवरचे ठिपकेही डाग समजून पुसले. मी बाहेर आले तर चौघी न्हाऊमाखू घातल्यासारख्या पाटावर, अंगावर भस्म, पुढं झेंडूची फुलं. इतक्या भक्तीनं मांडलेल्या की मला बोलवेना.

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटून झाल्यावर मामांनीच त्या परत जोडल्या. घरात जेवायला बसवताना जसं, तसं. थोरलीचा मान आधी. चंदेरी पहिली, काळी दुसरी, निळी तिसरी, पांढरी शेवटी.

मी तेव्हा नेकनूरला गेले होते, आईवडलांना सोनं द्यायला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत आले तर दुकानात कुणी मेल्यासारखी शांतता. भाऊजी कपाळ धरून बसलेले. म्हटलं मामांना काही झालं की काय. आमचे हे म्हणाले, "साखरपुडा गेला."

एका पुढाऱ्याच्या पोरीचा तो साखरपुडा. उन्हाळ्यात झालेला, क्रेन लावून केलेलं शूटिंग. पुढाऱ्याच्या घरून गाणी पसंत होऊन येईनात म्हणून मिक्सिंग राहिलं होतं, आणि भाऊजींनी ते तेवढ्यापुरतं काळीत टाकलं होतं. त्या सकाळी दसऱ्यानंतरचं पहिलं शूटिंग होतं, गाडी दारात उभी. भाऊजींनी घाईघाईत कंप्युटर लावला, जी दिसली, जी पुसली. सगळं जाईल, चालेल का, असं कंप्युटरनं विचारलंही. ते इंग्रजीत विचारतं आणि भाऊजी वाचायच्या आधी ‘येस’ दाबतात.

"कुठली डिस्क?" मी विचारलं.

"काळी."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. आधी वाटलं, ओरडावं.  मामा कोपऱ्यात उभे होते. जवळ आले, म्हणाले, "पोरी, माज्या हातनं झालं का गं हे?" मी म्हटलं, नाही मामा. आणि नव्हतंच. पट्ट्या काढल्या तर काढल्या, आधी लावली तर लावली. पुसायच्या आधी एकदा उघडून आत काय आहे ते बघायला काय धाड भरली होती? मामांनी देव समजून हात लावला, आणि ज्यांचं हे रोजचं काम त्यांनी डोळे मिटून!

पण घरात रडारड चालली होती ती साखरपुड्याची. पुढारी दुकान फोडील, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, सासूबाईंनी तर नवस बोलायला सुरुवात केली. मी तीनतीनदा म्हणत होते, "त्यात माझी बहीण हाय." सगळे मान हलवत होते. मग कुणीतरी सांगितलं, पुण्यात एक माणूस पुसलेल्या डिस्कमधलंही काढून देतो, फक्त तिच्यावर नवीन काही टाकू नका. माझ्या जिवात जीव आला. भाऊजी निघाले. मी काळी टॉवेलात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवली, फोल्डरचं नाव सांगितलं, त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. ते म्हणाले, "वैनी, काळजीच करू नका. समदंच निघतंय म्हणत्यात."

भाऊजी परत आले ते हातात पेढे घेऊनच. साखरपुडा सहीसलामत. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली, आमच्या ह्यांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली, मामांनी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं. मी वाट बघत उभी. शेवटी मीच म्हटलं, "आन् माझं?"

भाऊजी पेढा चावत म्हणाले, "कोणतं, वैनी?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. नाटक केलं असतं तर मी एवढी पेटले नसते.

मग आठवलं. मग सांगायला लागले. तो माणूस म्हणाला होता, सगळं निघेल, पण वेळ लागेल, मुक्काम करावा लागेल. इकडं पुढाऱ्याकडून फोनवर फोन. म्हणून भाऊजींनी सांगितलं, एवढाच साखरपुडा काढा, बाकीचं जुनंपानं आहे, लागत नाही. "आणि काळी कुठं हाय?" मी विचारलं. काळी तिथंच देऊन आले होते. जुनी देऊन नवी मोठी घेतली, त्यात सवलत मिळाली. खूश होऊन पिशवीतून नवी काढून दाखवली मला. चकचकीत, लाल रंगाची.

मी पुण्याला फोन लावला. दुकानातून, सगळ्यांच्या देखत. तो माणूस भला होता. त्यानं थांबायला सांगून शोधलं, परत फोनवर आला, म्हणाला, "ताई, ती पुसून भरून दिली हो दुसऱ्या गिऱ्हाइकाला. तुमचे दीर लागत नाही म्हणाले. आधी कळवलं असतं तर... लई वाईट वाटलं." त्या सगळ्या प्रकारात मला वाईट वाटलं म्हणणारा तेवढा एकच. आणि तो परका.

आमचे हे संध्याकाळी म्हणाले, "जाऊ दे आता. भिंतीवर फोटो हाय की तिचा." मी म्हटलं, उद्या जेवायला तुमच्या आईच्या जागी त्यांचा फोटोच मांडते, बोलणारी आई कशाला पाहिजे! ते उठून पुढं गेले. मी बरेच दिवस कुणाशी धड बोलले नाही. भाऊजींना जेवायला वाढायचे, पण वर बघायचे नाही. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, वैनींनी फार ताणून धरलंय.

दिवाळी आली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पोरगी आली, बापाच्या मोटारसायकलवर पुढं टाकीवर बसून. बाप दारातच उतरवून गेला. तिनं पायातलं काढलं न काढलं आणि पळत मागच्या खोलीत, माझ्या खुर्चीवर चढून बसली. "लाव मावशी."

मी तिला खाली उतरवलं, हाताला धरून पुढं भाऊजींसमोर उभी केली. म्हटलं, "हिला तुम्ही सांगा. मी सांगणार न्हाई." आणि आत गेले. मुद्दामच. म्हटलं, कळू दे जरा, सांगताना जीभ कशी जड होते ते.

चुलीपुढं काहीतरी ढवळत बसले, कान मात्र बाहेर. रडायचा आवाज येईल म्हणून वाट बघत होते. रडणं काही ऐकू येईना. उलट पोरगी हसायला लागली. मी उठून गेले.

मागच्या खोलीत कंप्युटर चालू होता. भाऊजींनी तिला मांडीवर घेतलं होतं आणि पडद्यावर पुढाऱ्याची पोरगी, साखरपुड्याच्या खुर्चीत, दागिन्यांनी मढलेली, कुणाशी तरी बोलत होती. खळखळून हसत होती. कच्चंच शूटिंग, गाणी अजून घातली नव्हती, त्यामुळे आवाज स्वच्छ.

पोरगी म्हणत होती, "पण काका, फोटूतल्यावाणी न्हाई दिसत आई."

"नवरी झाल्यावर माणूस येगळंच दिसतं बाळा," भाऊजी म्हणाले.

"लई गोरी हाय," पोरगी म्हणाली, आणि पडद्याला तिनं हात लावला.

माझी धाकटी काळीसावळी होती. मी पुढं झाले, टेबलाखाली हात घातला आणि हाताला लागल्या तेवढ्या वायरी उपटल्या. डिस्का धडाधडा खाली पडल्या, पडदा काळा झाला. भाऊजी ओरडले, "अवो वैनी, साखरपुडा हाय त्यात!" पोरगी आधी माझ्याकडं बघत राहिली, मग जी रडायला लागली, ती मला लाथा मारत, "तू कावून घालवली आईला? कावून घालवली?" म्हणत. मी तिला ओरडून सांगत होते की ती तुझी आई न्हाई, आणि मी सांगावं तितकी ती जास्त रडत होती. घर गोळा झालं. सगळ्यांनी मलाच बोलून घेतलं. लेकराला बिचाऱ्यानं घटकाभर खूश केलं, तेही हिला बघवलं नाही, असं सासूबाई म्हणाल्या.

ती पोरगी आता मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. तिला सगळं सांगून झालंय माझं, पहिल्यापासून. तिला पटलंही आहे. मागं आली होती तेव्हा मी भाकरी थापत होते, ती ओट्याशी उभी होती. म्हणाली, "मावशी, मला माहितीय ती माझी आई नव्हती. पण आई म्हणलं की मला तीच दिसते. हसणं बी तिचंच ऐकू येतं. काय करू?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.